शस्त्रे नवी, प्रश्न तेच

युद्धाचे एखादे नवे साधन रणांगणावर उतरले, की जुने युद्धशास्त्र आता अडगळीत गेले असे जाहीर करणारे पंडित त्याच्या मागोमाग हजर होतात. तोफ आली तेव्हा किल्ल्यांचे युग संपल्याचे सांगितले गेले, विमान आले तेव्हा पायदळाचे, आणि अणुबॉम्ब पडला तेव्हा तर खुद्द युद्धाचेच. २०२० साली नागोर्नो-काराबाखच्या ४४ दिवसांच्या लढाईत अझरबैजानच्या ड्रोनांनी आर्मेनियाचे रणगाडे आणि तोफा टिपून काढल्या, तेव्हा रणगाड्याचे मृत्युलेख लिहिले गेले. पुढे दोनच वर्षांनी, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. उपग्रह, क्षेपणास्त्रे, ड्रोन, संगणकीय हल्ले असे एकविसाव्या शतकाचे सारे शस्त्रागार तेथे दिसले. आणि त्याच भूमीवर पहिल्या महायुद्धातल्याप्रमाणे चिखलात खंदक खणून बसलेले सैनिकही दिसले. कीव्हच्या उत्तरेस रशियन वाहनांची कित्येक किलोमीटर लांबीची रांग दिवसेंदिवस जागच्या जागी अडकून पडली. एप्रिलच्या आरंभी त्या आघाडीवरून रशियाला माघार घ्यावी लागली.

ही माघार शस्त्रांच्या तुटवड्यामुळे झाली नव्हती. शस्त्रबळ रशियाकडे भरपूर होते. चुकले होते ते गृहीतक. आक्रमण होताच कीव्हमधले सरकार कोसळेल आणि प्रजा प्रतिकार करणार नाही, या हिशेबावर मोहिमेची आखणी झाली होती. प्रजेने प्रतिकार केला, सरकार जागेवर राहिले आणि हिशेब कोलमडला. याच विषयावर कौटिल्याने अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात एक प्रश्न चर्चेस घेतला आहे. बलाढ्य पण अन्यायी राजा आणि दुर्बळ पण न्यायी राजा, यांपैकी आधी कोणावर चालून जावे? सामान्य बुद्धी सांगेल, दुर्बळावर. कौटिल्याचे उत्तर नेमके उलटे आहे. अन्यायी राजा कितीही बलाढ्य असो, संकटात त्याची प्रजा त्याला साहाय्य करीत नाही. ती त्याला घालवून देते किंवा शत्रूला मिळते. न्यायी राजा दुर्बळ असला तरी त्याची प्रजा त्याच्या पाठीशी उभी राहते. शत्रूच्या तोफा मोजण्याआधी शत्रूच्या प्रजेचे मन मोजा, असा हा उपदेश आहे. त्यात रथ, हत्ती वा ड्रोन यांपैकी कशाचाच उल्लेख नाही. म्हणूनच तो जुना झालेला नाही.

हरवलेला आणि सापडलेला ग्रंथ

पंधरा अधिकरणांचा हा ग्रंथ कित्येक शतके केवळ नावाने ज्ञात होता. १९०५ साली तंजावरकडील एका पंडिताने त्याची ताडपत्रावरील प्रत म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाला दिली. तेथील ग्रंथपाल शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली आणि जगाला खडबडून जागे केले. भारतीयांनी केवळ परलोकाचा विचार केला, राज्याचा केला नाही, हा तोपर्यंतचा आवडता सिद्धान्त त्या एका ग्रंथाने डळमळीत झाला. पुढे मुंबईत प्रा. र. पं. कंगले यांनी सर्व उपलब्ध हस्तलिखिते ताडून त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात मूळ संहिता, इंग्रजी भाषांतर आणि अभ्यास असे तिचे तीन भाग प्रकाशित केले. आज जगात कोठेही अर्थशास्त्राचा अभ्यास करावयाचा तर एका मराठी विद्वानाच्या या परिश्रमाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

राज्याची सात अंगे, परराष्ट्रनीतीचे सहा गुण ही ग्रंथातील परिभाषा बहुश्रुत वाचकाला परिचित असते. युद्धविचाराच्या दृष्टीने मात्र त्याहून मोलाची आहे ती तीन शक्तींची चर्चा. उत्साहशक्ती म्हणजे पराक्रम, प्रभुशक्ती म्हणजे कोश आणि सैन्य, मंत्रशक्ती म्हणजे विचारपूर्वक ठरविलेली नीती. पूर्वाचार्यांनी पराक्रमाला अग्रस्थान दिले होते. कौटिल्याने तो क्रम उलटविला. पराक्रमापेक्षा कोश व सैन्य श्रेष्ठ, आणि त्याहूनही मंत्र श्रेष्ठ, असा निर्णय त्याने दिला. युरोपात हाच विचार फार उशिरा मांडला गेला. प्रशियाचा सेनानी क्लाउझेवित्झ याचा युद्धविषयक ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ पासून, त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केला. युद्ध हे राजनीतीचेच एक साधन आहे, राजनीतीपासून तोडलेले युद्ध निरर्थक ठरते, हा त्याचा गाभा होय. दोघांच्या मध्ये शतकांचे आणि सागरांचे अंतर असताना निष्कर्ष एकच निघावा, यातच या शास्त्राचे चिरंतनत्व आहे.

श्वान, मगर आणि पानिपत

शक्ती, देश आणि काळ यांपैकी श्रेष्ठ कोण, हाही जुना वाद. त्यात दोन दृष्टान्त येतात. जमिनीवर कुत्रा मगरीला ओढतो, पाण्यात मगर कुत्र्याला ओढते. दिवसा कावळा घुबडाला मारतो, रात्री घुबड कावळ्याला. कौटिल्य यांतील कोणा एकाची बाजू घेत नाही. शक्ती, देश आणि काळ ही तिन्ही परस्परांना पूरक आहेत, एकावर विसंबून दुसरे सोडता येत नाही, असे तो सांगतो.

महाराष्ट्राच्या इतिहासात या दृष्टान्ताच्या दोन्ही बाजू लिहिलेल्या आहेत. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाची प्रचंड फौज प्रतापगडाच्या पायथ्याशी, जावळीच्या अरण्यात येऊन उभी राहिली. मैदानात ती फौज अजिंक्य ठरली असती. शिवछत्रपतींनी तिला अशा जागी आणले, की तिचे घोडदळ आणि तोफखाना दोन्ही निरुपयोगी ठरले. मगर पाण्याबाहेर आली होती. याउलट १७६० च्या ऑक्टोबरात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांची दक्षिणेची वाट बंद केली. पानिपतच्या मैदानावर मराठ्यांची छावणी अडीच महिने अडकून पडली. सोबत कुटुंबे आणि यात्रेकरू. दुआबातून येणारी रसद तोडलेली. ती पाठविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेलेले. सूरजमल जाट आधीच निघून गेला होता, शुजाउद्दौला शत्रूला मिळाला होता. १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी सैन्य लढाईला उभे राहिले आणि दुपारपर्यंत जय त्याच्या बाजूने झुकल्यासारखा दिसत होता. त्या सैन्याच्या पराक्रमाविषयी शंका घेण्याचे धाडस शत्रूनेही केले नाही. उत्साहशक्ती काठोकाठ होती. देश, काळ आणि मित्र ही तीन खाती रिकामी होती. पानिपताचे पोवाडे गाताना हा हिशेब मांडण्याचे मराठी मन अनेकदा टाळते. तो टाळला, तर त्या हजारो मृत्यूंपासून शिकावयाचे ते राहूनच जाते.

१९७१ : शास्त्राची कसोटी

देश, काळ, मित्र आणि प्रजेचे मन ही चारही खाती भरलेली असतील तर काय घडते, हे पाहण्यासाठी फार मागे जाण्याचे कारण नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात स्वतःच्याच नागरिकांवर शस्त्र धरले. कौटिल्याने बाहेरच्या कोपापेक्षा आतला कोप अधिक घातक मानला आहे. तो त्याला घरातल्या सापाची भीती म्हणतो. याह्याखानांच्या राजवटीने तो साप स्वतःच्या हाताने जागा केला. निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले आणि त्यांची संख्या पुढे एक कोटीच्या घरात पोहोचली. तत्काळ चढाई करावी, असा दबाव दिल्लीत वाढू लागला.

सरसेनापती माणेकशॉ यांनी एप्रिलमधल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीचा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला. आत्ता युद्ध पुकारले तर पराभवाची खात्री देतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पावसाळा तोंडावर आहे, पूर्व बंगालच्या नद्या समुद्रासारख्या होतील; उत्तरेच्या खिंडी मोकळ्या असल्याने चीन हालचाल करू शकेल; सैन्य विखुरलेले आहे. खिंडींत बर्फ पडू द्या आणि भूमी वाळू द्या, असा सल्ला त्यांनी दिला. देश आणि काळ यांचा याहून स्वच्छ विचार शोधून सापडणार नाही. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तो सल्ला मानला, हे त्या सल्ल्याइतकेच महत्त्वाचे. सेनापतीने सत्य सांगावे आणि शासनकर्त्याने ते ऐकावे, याचेच नाव मंत्रशक्ती.

मधले आठ महिने हात बांधून बसण्यात गेले नाहीत. मुक्तिवाहिनीचे प्रशिक्षण झाले. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला. सहा गुणांतील संश्रयाचे, म्हणजे बलवानाचा आधार घेण्याचे, ते आधुनिक रूप. डिसेंबरात सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार भारताच्या कामी आला, तेव्हा त्या कराराचे मोल उमगले. पंतप्रधानांनी पाश्चात्त्य राजधान्यांचा दौरा करून भारताची बाजू मांडली. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्ताननेच पश्चिमेकडे विमानहल्ले करून युद्धाला तोंड फोडले. पूर्वेकडे नियाझींनी आपली फौज सीमेवरच्या नगरांत ठाणी करून विखुरली होती. भारतीय सैन्य अनेक ठाण्यांना बगल देत ढाक्याकडे सरकले. ९ डिसेंबरला सगतसिंग यांच्या तुकड्यांनी हेलिकॉप्टरने मेघना ओलांडली, ११ डिसेंबरला टांगाइलजवळ छत्रीधारी सैनिक उतरले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीपत्रावर स्वाक्षरी झाली. सुमारे ९३ हजार लोक बंदी झाले.

शत्रूचा जुना धान्यसाठा संपत आलेला, नवा भरावयाचा असलेला आणि त्याच्या दुर्गांची डागडुजी व्हावयाची असलेली, अशा वेळी मार्गशीर्षात कूच करावे असे अर्थशास्त्रात सांगितले आहे. योगायोग असा, की १९७१ चे ते निर्णायक चौदा दिवस मार्गशीर्षातलेच होते. माणेकशॉ यांनी अर्थशास्त्र उघडून तिथी काढली, असा दावा कोणी करू नये. तो खोटा ठरेल आणि त्याची गरजही नाही. पाऊस, चिखल, धान्य आणि बर्फ यांचा विचार करणारा कोणताही जाणता सेनानी त्याच ऋतूपाशी पोहोचतो. शास्त्र खरे असते ते याच अर्थाने.

जिंकल्यानंतर काय?

युद्धशास्त्राचा सर्वांत दुर्लक्षित प्रश्न विजयानंतर सुरू होतो. कौटिल्याने तेराव्या अधिकरणाच्या शेवटी ‘लब्धप्रशमन’, म्हणजे जिंकलेल्या प्रदेशाचे शमन, हा स्वतंत्र विषय घेतला आहे. जेत्याने तेथील प्रजेचा वेश, भाषा आणि आचार आपलासा करावा, त्यांच्या देवतांचा आणि उत्सवांचा मान राखावा, करांत सूट द्यावी, बंदी मुक्त करावेत, असे तेथे सांगितले आहे. शरण आलेल्याला, शस्त्र टाकलेल्याला आणि न लढणाऱ्याला अभय द्यावे, हे त्याआधीच बजावलेले आहे. कुटिल म्हणून ज्याची बदनामी झाली, त्या आचार्याचा हा उपदेश आहे.

मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर आक्रमण केले. तिच्या सैन्याधिकाऱ्यांच्या विद्यालयांत क्लाउझेवित्झ शिकविला जातो. तीन आठवड्यांत, ९ एप्रिलला, बगदाद पडले. १ मे रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी विमानवाहू नौकेवरून मुख्य लढाई संपल्याचे घोषित केले. २३ मे रोजी तेथील अमेरिकी प्रशासनाने इराकचे सैन्य एका आदेशाने विसर्जित केले. लाखो माणसे, ज्यांना शस्त्र चालविण्यापलीकडे उपजीविका ठाऊक नव्हती, एका दिवसात बेकार आणि अपमानित झाली. त्यांतील अनेकांनी पुढच्या बंडाळीला हात दिला. अमेरिकी फौजा २०११ च्या अखेरीस बाहेर पडल्या आणि जून २०१४ मध्ये मोसूल दहशतवाद्यांच्या हाती गेले. लढाई जगातील सर्वोत्तम शस्त्रांनी जिंकली होती. लब्धप्रशमनाचे पान मात्र कोणी उलटले नव्हते. १९७१ चा विजेता मार्च १९७२ मध्ये आपले सैन्य बांगलादेशातून माघारी घेऊन आला, हा भेद लक्षात घेण्यासारखा आहे.

अण्वस्त्रांच्या छायेत

अण्वस्त्रांनी हे सारे कालबाह्य केले, असा आक्षेप उरतो. मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या आणि वर्षभराच्या आतच कारगिल घडले. पाकिस्तानच्या घुसखोरीत कूटयुद्धाचे कौशल्य निश्चितच होते. हिवाळ्यात रिकाम्या झालेल्या शिखरांवर त्याचे सैनिक गुपचूप येऊन बसले. मात्र शिखरे घेतल्यावर पुढे काय, याचे उत्तर रावळपिंडीकडे नव्हते. क्षय, व्यय आणि लाभ यांची तुलना करूनच निघावे, हा नवव्या अधिकरणातला दंडक तेथे पाळला गेला नाही. आपले सैनिक मुजाहिदीन असल्याचे सांगणाऱ्या त्या राष्ट्राला स्वतःच्या जवानांचे मृतदेहही स्वीकारता आले नाहीत; त्यांतील कित्येकांचा दफनविधी भारतीय सैन्याने केला.

याच्या उलट, नियंत्रण रेषा ओलांडावयाची नाही असा निर्णय अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने घेतला आणि शेवटपर्यंत पाळला. त्याची किंमत जवानांनी रक्ताने मोजली. समोरून उभे कडे चढताना ५२७ वीरांनी प्राण दिले. ते बलिदान विसरून त्या निर्णयाची प्रशंसा करणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु त्या निर्णयामुळेच जग भारताच्या बाजूने उभे राहिले. ४ जुलै १९९९ रोजी टायगर हिल भारताच्या हाती आले आणि त्याच दिवशी नवाझ शरीफ यांना वॉशिंग्टनमध्ये माघार मान्य करावी लागली. अण्वस्त्रांनी मंत्रशक्तीची गरज कमी केलेली नाही. चुकीची शिक्षा मात्र शतपट वाढविली आहे.

पूजा आणि पारायण

राजधानीतील परदेशी वकिलातींच्या वसाहतीचे नाव चाणक्यपुरी आहे. चतुर राजकारण्याला चाणक्य म्हणण्याची रूढी वृत्तपत्रांनी इतकी वापरली, की तिच्यातला अर्थ झिजून गेला. नावाचा गजर मोठा आणि ग्रंथाचे वाचन थोडे, ही आपल्याकडील जुनी व्याधी आहे. या व्याधीची दोन रूपे दिसतात. पाश्चात्त्य तेवढेच शास्त्रीय मानणारा वर्ग क्लाउझेवित्झ आणि सुन त्झू यांचे दाखले देतो आणि कौटिल्याचे नाव निघताच स्मित करतो. दुसरा वर्ग आधुनिक जगाचे सर्व काही आपल्या पोथ्यांत आधीच लिहिले होते असे सांगून अभिमानाने स्वस्थ बसतो. पहिल्याने ग्रंथ उघडलेला नसतो, आणि दुसऱ्यानेही नसतो.

उघडणाऱ्याला त्यात स्वीकारण्याजोगे बरेच सापडते आणि टाकण्याजोगेही. विषप्रयोगांची प्रकरणे आज कोणी आचरणात आणू नयेत. राजाच्या जागी आज लोकनियुक्त शासन आहे आणि त्याला संसदेपुढे उत्तर द्यावे लागते. हा निवडीचा विवेक अभ्यासाशिवाय येत नाही. २०२३ साली भारतीय सेनेने ‘उद्भव’ या नावाने प्राचीन भारतीय युद्धविचाराच्या अभ्यासाचा प्रकल्प हाती घेतला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र सेनेने वाचावे आणि समाजाने घोषणा द्याव्यात, अशी वाटणी लोकशाहीत चालत नाही. युद्ध कधी करावे, कोठवर करावे आणि कधी थांबवावे, या निर्णयामागे अखेर लोकमताचा रेटा असतो. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ चार दिवसांनी थांबले, तेव्हा आणखी पुढे का गेलो नाही, हा प्रश्न घराघरांत विचारला गेला. प्रश्न विचारण्यात गैर काहीच नाही. पण पुढे जाऊन कोणता लाभ, किती क्षयव्ययाने, आणि त्यानंतर काय, हे उपप्रश्न त्यासोबत विचारले जातील तेव्हाच ती चर्चा राष्ट्राच्या उपयोगाची होईल.

संधी आणि विग्रह या दोहोंपासून सारखाच लाभ होणार असेल तर संधी करावी, कारण युद्धात माणसे जातात, धन जाते, घर सुटते आणि संकटे ओढवतात, असे सांगणारा आचार्य भित्रा नव्हता. नंदांची सत्ता उलथवणारा म्हणून परंपरा त्याला ओळखते. त्याला पराक्रमाची किंमत ठाऊक होती, म्हणूनच तो पराक्रम स्वस्तात खर्च होऊ नये यासाठी त्याने एवढा ग्रंथ रचला. शिखरावर चढणाऱ्या जवानाविषयी ज्या घरात खरी कृतज्ञता आहे, त्या घरात त्याच्या तसबिरीशेजारी अर्थशास्त्राची एक प्रत असावी, आणि तिची पाने हाताळून मऊ झालेली असावीत.